गाडीबरोबर अधिकारी येत नाही : नगरसेवकांना एका निवृत्त फायरमनचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातील महानगरपालिकांचे सन्माननीय नगरसेवक आणि नगरसेविका यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 14 एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी, सकाळी तुमच्यापैकी बरेच जण अग्निशमन केंद्रात येऊन जाता. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, प्रभागात दहा ठिकाणी हजेरी लावायची असते, त्यामुळे आमच्याकडची भेट धावती होते. त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. पुष्पचक्र वाहता, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहता, पोरं शिडीवर चढून दाखवतात ते बघता, अग्निशमन सप्ताहाचा बिल्ला खिशाला लावून घेता आणि पुढच्या कार्यक्रमाला निघता. दुसरी भेट नवीन गाडी आली की होते. नारळ, हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून एक फोटो. एरवी तुम्ही दिसता ते मोठ्या आगीच्या दुसऱ्या दिवशी.

या भेटींमध्ये एक गोष्ट तुमच्या नजरेला पडत नाही. ती पडावी अशी सोयही कुणी केलेली नाही. वर्दीच्या, म्हणजे आगीची खबर आलेल्या, जागी गाडी थांबल्यावर सगळ्यात आधी जो खाली उतरतो, आत शिरायचं की बाहेरूनच पाण्याचा मारा करायचा हे जो मिनिटाभरात ठरवतो, तो माणूस कुठून येतो आणि तयार व्हायला त्याला किती वर्षं लागतात, त्याबद्दल हे पत्र आहे.

मी फायरमन म्हणून भरती झालो आणि विभागीय अग्निशमन अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी एकाच महापालिकेत. शहराचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्या गोष्टी येतील त्यातली काही माणसं अजून खुर्चीत आहेत आणि मला कुणाची जिरवायची नाही. मधल्या पायऱ्या तुम्हाला ठाऊक असतील असं धरून चालत नाही, म्हणून सांगतो: फायरमन, त्यावर लीडिंग फायरमन, मग सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर, त्यापुढे विभागीय हुद्दे आणि सगळ्यात वर प्रमुख अग्निशमन अधिकारी. पालिकेच्या इतर खात्यांतही असाच चढता क्रम असतो. आमच्या खात्यात फरक पडतो तो वर पोचल्यावर.

14 एप्रिलचं पुष्पचक्र ज्यांच्यासाठी असतं त्यांचंच उदाहरण घ्या. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाच्या पोटात आग लागली. कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं एकाच जहाजात भरलेली होती. दुपारपासून बंब पाणी मारत होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण त्यात गेले. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स त्या वेळी भायखळ्याच्या कचेरीत बसून निरोपाची वाट बघत नव्हते, ते गोदीतच होते. वाचले ते नशिबानं.

इतक्या मागे जायचं नसेल तर 9 मे 2015 घ्या. काळबादेवीतली गोकुळ निवास ही जुनी इमारत. आग विझवण्याचं काम चालू असताना इमारतीचा भाग कोसळला आणि चार अधिकारी गेले : प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, आणि त्यांच्यासोबतचे संजय राणे व महेंद्र देसाई. नेसरीकर साहेब दोन आठवडे मृत्यूशी झुंजून 24 मे रोजी गेले. देशातल्या एवढ्या मोठ्या शहराच्या दलाचा सर्वोच्च अधिकारी एका जुन्या चाळवजा इमारतीच्या आगीत जागेवर होता, म्हणून गेला. पालिकेच्या दुसऱ्या कुठल्या खात्यात असं होतं? जलवाहिनी फुटली म्हणून मुख्य अभियंता खड्ड्यात उतरत नाही, आणि उतरूही नये. आमच्याकडे बढती मिळाली म्हणून आगीपासूनचं अंतर वाढत नाही. आधी फक्त आपला जीव सांभाळायचा असतो, मग आपल्या गाडीवरच्या पाच-सहा जणांचा, पुढे त्या जागेवर उभ्या असलेल्या सगळ्यांचा. कुणाला आत धाडायचं, आणि त्याहून अवघड म्हणजे कुणाला कधी माघारी बोलवायचं, हे ठरवायला वरचा माणूस लागतो.

ही अक्कल येते कुठून, ते सांगतो.

आमच्या केंद्रावर एक लीडिंग फायरमन होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे. शाळा सातवीत सुटलेली. संध्याकाळची हजेरी झाली की दादा आम्हा नव्या पोरांच्या डोळ्यांवर ओला पंचा घट्ट बांधायचे आणि यार्डात पसरलेल्या होजवर, म्हणजे पाण्याच्या लांब पाइपवर, आम्हाला ओणवं सोडायचे. होजचे तुकडे पंधरा-पंधरा मीटरचे, दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे पितळी कपलिंग. त्या कपलिंगच्या एका अर्ध्या भागाला दोन खुंट्या असतात. तो भाग नेहमी पंपाकडच्या तुकड्याला असतो. धुरात दिसेनासं झालं, दिशा हरवली, तर उठायचं नाही, पळायचं नाही. होज चाचपायचा, कपलिंग सापडेपर्यंत सरकायचं, खुंट्या ज्या अंगाला लागतील त्या अंगानं रांगत राहायचं, की आपण बाहेर. ‘उलटा गेलास तर आगीच्या तोंडात. मग मी काय तुझ्या आईला जाऊन सांगू, पोरगं डाव्या-उजव्यात चुकलं?’ असं म्हणून दादा पुन्हा पहिल्यापासून रांगायला लावायचे. गुडघे सोलवटून निघायचे.

हे सांताक्रूझच्या राज्य प्रशिक्षण केंद्रातल्या सहा महिन्यांच्या कोर्समध्येही शिकवलं होतं. पेपरात मी ते बरोबर लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पुढे काही वर्षांनी फर्निचरच्या एका गोदामात फोम आणि रेक्झिनच्या काळ्या धुरात मी आणि माझा जोडीदार आत असताना माझ्या पाठीवरच्या सिलिंडरची शिट्टी वाजायला लागली. श्वसनयंत्रातल्या हवेचा दाब पन्नास-पंचावन्न बारवर आला की ती वाजते. तीनशे बारला भरलेला सिलिंडर कागदावर पाऊण तास पुरतो. दमछाक होईस्तोवर काम करणाऱ्या माणसाला त्याच्या निम्मा पुरला तरी खूप. शिट्टी वाजल्यावर उरते ती बाहेर पडण्यापुरतीच हवा. आपलाच हात मास्कच्या काचेसमोर धरला तर दिसत नव्हता. त्या वेळी हातांनी आपणहून खुंट्या शोधल्या. डोक्याला विचारायला ते थांबलेच नाहीत. जोडीदाराच्या पट्ट्याला धरून मी रांगत सुटलो आणि दारात दादांच्या बुटांवर डोकं आपटलं. ते तिथे उभे राहून आमचे मिनिट मोजत होते.

दादा लीडिंग फायरमन म्हणूनच निवृत्त झाले. सब ऑफिसर होण्यासाठीची खात्याची परीक्षा त्यांनी दिली होती, पास झाले होते, यादीत नाव होतं. बढतीचे आदेश निघाले तेव्हा ते गावी जाऊन शेती बघायला लागले होते.

नगरसेवकांनो, तुमच्या शहरातही असे दादा आहेत. आजच्या तारखेला आहेत.

फायरमन पहिली काही वर्षं गाडीत मागच्या बाकावर बसून शहर बघतो. तुम्हाला तुमचा प्रभाग माहीत असतो, त्याला सगळ्या प्रभागांच्या मागच्या बाजू माहीत होतात. कुठल्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही आणि छोटी मिनी पंप न्यावी लागते. कुठल्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीच्या झाकणावर रोज सेक्रेटरींचीच गाडी उभी असते. कुठली बुजवलेली वाटणारी विहीर अजून चालू आहे. कुठल्या औद्योगिक वसाहतीत गाळ्याला रात्री बाहेरून शटरचं कुलूप लावून कामगारांना आत झोपवतात. हे शेवटचं कुठल्याच नकाशात सापडणार नाही, पण रात्री दोन वाजता वर्दी आल्यावर सगळ्यात आधी तेच माहीत असावं लागतं.

मग इमारती ओळखता येऊ लागतात. शहरातल्या वर्द्यांमध्ये मीटर केबिनची वर्दी रोजची. आग तळमजल्यावर, हातभर जागेत. पण केबलच्या डक्टमधून आणि जिन्यातून धूर वर चढतो आणि सातव्या मजल्यावरचं कुटुंब घाबरून दार उघडून जिन्यात येतं. माणसं ज्वाळांपेक्षा धुरानं जास्त मरतात, ही गोष्ट आम्ही व्याख्यानांत सांगून सांगून थकलो. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या पबमध्ये 14 जण गेले. त्यातले बरेचसे आसरा म्हणून स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. मुरलेला स्टेशन ऑफिसर अशा जागी पोचल्यावर आधी जिना बघतो, मग वर कोण अडकलंय ते विचारतो, आणि खालून ओरडून सांगतो की दारं लावून घ्या, फटींना ओले कपडे लावा, खिडकीशी या, खाली पळू नका. हा शहाणपणा त्यानं कधीतरी जिन्यातून देह उचलून आणताना मिळवलेला असतो. दर वेळी नव्यानं कुणी तो अशा किमतीत का मिळवावा?

इथे एक गैरसमज होईल म्हणून सांगतो. खालून चढत आलेलाच तेवढा खरा आणि थेट भरती झालेला पदवीधर म्हणजे पुस्तकी, असं मी म्हणत नाही. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून त्या शहरात आहे. पालिकेनं मला सब ऑफिसरच्या कोर्सला तिथे पाठवलं, तेव्हा ज्या गोष्टी मी वर्षानुवर्षं फक्त करत आलो होतो त्या तशा का करायच्या हे मला पहिल्यांदा कळलं. बंद खोलीचं दार अर्धवट उघडल्यावर आत दबलेली आग एकदम का झेपावते, याचं शास्त्र दादांना माहीत नव्हतं. दाराला उलटा हात लावून बघायचा, एवढंच माहीत होतं. दोन्ही लागतं. त्याच महाविद्यालयात 2002 साली हर्षिनी कान्हेकर या नागपूरच्या मुलीनं प्रवेश घेतला, तोवर तिथे मुलगी शिकलेली नव्हती. आता बऱ्याच पालिकांच्या दलांत मुली फायरमन म्हणून आल्या आहेत, पन्नास किलोचा पुतळा खांद्यावर टाकून पळून दाखवून आल्या आहेत. त्या स्टेशन ऑफिसर कधी होणार? अनेक केंद्रांवर त्यांना रात्रपाळीला झोपायला वेगळी खोली नाही. पुढे जाऊन हुद्दा मिळेल अशी आशा ठेवून अशा जागी किती जणी टिकतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता ज्यासाठी लेखणी उचलली तिकडे येतो.

बढती अडते ती कुणाच्या दुष्टपणामुळे असं नेहमी नसतं. सेवाज्येष्ठतेची यादी अंतिम झालेली नसते. कुणीतरी त्यावर हरकत घेतलेली असते, प्रकरण कोर्टात असतं. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून यायची असते. सेवाप्रवेश नियमांत बदल सुचवलेला असतो आणि तो मंजुरीसाठी वर गेलेला असतो. वर गेलेल्या कागदाला खाली यायची घाई नसते. गोपनीय अहवालांतला एखाद्या वर्षाचा अहवाल सापडत नाही. पदोन्नती समितीची बैठक ठरते, निवडणुकीची आचारसंहिता लागते, बैठक पुढे जाते. आस्थापना विभागातल्या माणसाला विचारलं तर तो प्रत्येक गोष्टीचं खरं कारण देतो. मी स्वतः त्या टेबलासमोर इतका उभा राहिलोय की तिथली फरशी मला ओळखते.

एवढ्या काळात केंद्र तर चालवायचं असतं. मग निघतो तो ‘अतिरिक्त कार्यभारा’चा आदेश. सब ऑफिसरला स्टेशन ऑफिसरचा कार्यभार, स्टेशन ऑफिसरला विभागाचा. एकेका अधिकाऱ्याकडे दोन-दोन केंद्रं. काम वरच्या हुद्द्याचं, पगार खालच्याचा, आणि आदेशात शेवटी एक ओळ हमखास : ‘या कार्यभारामुळे सदर पदावर कोणताही हक्क सांगता येणार नाही.’ ही ओळ प्रभारी अधिकाऱ्याला पाठ असते. ती तो रात्रंदिवस सोबत बाळगतो.

तुम्ही म्हणाल, हुद्दा प्रभारी असला तरी आग विझतेच ना? विझते. प्रभारी माणूसही जीव तोडून काम करतो, मीसुद्धा केलं आहे. अडचण येते ती आग लागलेली नसते तेव्हा. ही गोष्ट सभागृहात कधी बोलली जात नाही आणि तिचा तुमच्याशी थेट संबंध आहे.

2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा तुम्ही वाचला नसेल तर एकदा वाचा, फार मोठा नाही. इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र मालकानं किंवा भोगवटादारानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाला द्यायचं असतं. नमुना ‘ब’ म्हणतात त्याला. दिलं नाही, किंवा दिलं पण खोटं निघालं, तर अधिकाऱ्यानं नोटीस काढायची, आणि धोका गंभीर असेल तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत, इमारत रिकामी करण्यापर्यंत जायचं. कायदा चांगला आहे. फक्त तो चालवायला अधिकारी लागतो, जागेवर जाऊन पंप सुरू करून बघणारा. प्रमाणपत्रावर शिक्का असतो आणि प्रत्यक्षात पंपाचा स्विच ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर ठेवलेला असतो, कारण पाइप गळतो आणि पार्किंगमध्ये पाणी साचतं. आसरा म्हणून ठेवलेल्या मजल्याला कुलूप असतं आणि आत गणपतीच्या मंडपाचं सामान असतं. एक मोठं रुग्णालय नीट तपासायचं तर अख्खा दिवस जातो.

2021 या एका वर्षात आपल्या राज्यात काय झालं ते आठवा. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग. दर वेळी राज्यभर आदेश सुटला : सगळ्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करा. आदेश योग्यच होता. तो घेऊन कामाला लागणारे आमच्याकडे किती जण होते? दोन केंद्रांचा कार्यभार असलेला तोच सब ऑफिसर, ज्याला त्याच दिवशी झाड पडल्याची वर्दी असते, मांज्यात अडकलेल्या घारीची वर्दी असते आणि दुपारी कुणा मंत्र्यांच्या सभेच्या मंडपाची तपासणी असते.

आणि समजा त्यानं वेळ काढला, गेला, दोष सापडले, नोटीस काढली. मग फोन येतो.

रागावू नका, तुम्हाला ठाऊक आहे मी कशाबद्दल बोलतोय. ‘साहेब, आपलाच माणूस आहे, जरा सबुरीनं घ्या.’ ‘लग्नसराई संपू द्या, मग बघू.’ बहुतेक फोन गोड असतात. तुमचीही बाजू मला कळते; सोसायटीवाले तुमच्या दारात येऊन बसतात, दुरुस्तीचा खर्च लाखांत असतो, मतं त्यांचीच असतात. पण पलीकडे फोन कानाला लावून उभा असलेला प्रभारी अधिकारी काय करेल? त्याच्या आदेशात लिहिलेलं असतं की पदावर हक्क नाही. उद्या कार्यभार काढून घेतला तर कारणही द्यावं लागत नाही. तो नोटीस फाडत नाही, तेवढा तो प्रामाणिक असतो. तो ती फाइल खाली ठेवतो.

मला स्वतःला असा फोन आला तेव्हा मी कायम स्टेशन ऑफिसर झालो होतो. एका मंगल कार्यालयाला दोन जिने होते आणि दुसरा जिना मंडपाचं कापड, थर्माकोल आणि मोडक्या खुर्च्यांनी भरून टाकला होता. हजारभर पाहुणे जेवतात त्या हॉलला बाहेर पडायला उरला एकच जिना, आणि त्याच्या तोंडाशीच भटारखाना. मी नोटीस काढली. फोन आला, मग दुसरा आला, मग ‘वरून’ आला. मी म्हणालो, जिना मोकळा करा, मी त्याच दिवशी येऊन नोटीस निकाली काढतो. दीड महिन्यात माझी बदली शहराच्या टोकाच्या केंद्रावर झाली. हुद्दा मात्र कुणी काढू शकलं नाही, आणि नोटिशीवरची सही कायम अधिकाऱ्याची होती म्हणून माझ्या जागी आलेल्या माणसाला ती मागे घेता आली नाही. कार्यालयवाल्यानं शेवटी वैतागून जिना मोकळा केला. त्या हॉलला कधी आग लागली नाही. तो जिना पाहुणे आता हात धुवायला जायला वापरतात.

म्हणून बढतीची फाइल ही फक्त कर्मचाऱ्यांची बाब आहे असं समजू नका. पेन्शनमध्ये पडणारा फरक महत्त्वाचा आहेच, खांद्यावर फीत लागली की घरच्यांना होणारा आनंदही आहे. पण तुमच्या प्रभागातल्या रुग्णालयाचा, शाळेचा, मॉलचा दुसरा जिना उघडा राहतो की नाही हे त्या फाइलवर ठरतं.

आणखी एक वाट हल्ली सोपी वाटू लागली आहे : ठेकेदारामार्फत फायरमन आणि ड्रायव्हर घेणं. पोरं वाईट नसतात, गरजू असतात, धाडसीही असतात. पण अकरा महिन्यांच्या करारावरचा पोरगा कुठल्या आशेनं होजवर डोळे बांधून रांगेल? त्याला लीडिंग फायरमन व्हायचं नसतं, कारण त्याच्यापुढे लीडिंग फायरमनचं पदच नसतं. तो शहर शिकायला लागतो न लागतो तोच करार संपतो किंवा दुसरीकडे दोन हजार जास्त मिळतात. त्याच्या जागी नवा येतो, पुन्हा पहिल्यापासून. अशी वीस वर्षं काढलीत तर वीस वर्षांनी तुमच्याकडे गाड्या असतील आणि त्यातून आधी उतरणारा माणूस कुठूनतरी उसना आणावा लागेल.

गाड्यांना पैसा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्रानं 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी 5,000 कोटींची योजना आणली. मुंबईकडे 90 मीटर उंची गाठणारा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म आहे. इतर शहरांतही उंच शिड्या येत आहेत, याव्यातच, कारण इमारती थांबायला तयार नाहीत. पण निविदा काढली की गाडी काही महिन्यांत दारात उभी राहते. स्टेशन ऑफिसरची निविदा निघत नाही. तो आज हवा असेल तर पंधरा वर्षांपूर्वी फायरमनची भरती झालेली असावी लागते आणि मधल्या प्रत्येक पायरीवर यादी वेळेत निघालेली असावी लागते.

संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवायच्या कामांत सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. रस्ते चौथे, पाणी पाचवं, आरोग्य आणि स्वच्छता सहावी आणि आम्ही सातवे. पहिल्या सहांवर तुम्ही सभागृह डोक्यावर घेता. सातव्यावर आता तरी प्रश्न विचारा, आणि प्रश्न माणसांचा विचारा.

लीडिंग फायरमन, सब ऑफिसर आणि स्टेशन ऑफिसर यांची मंजूर पदं किती, त्यातली बढतीनं भरलेली किती आणि प्रभारी कार्यभारावर चाललेली किती, हे केंद्रवार मागा. पदोन्नती समिती शेवटची कधी बसली त्याची तारीख मागा. गेल्या पाच वर्षांत बढतीला पात्र असून ती न मिळता निवृत्त झालेल्यांची यादी मागा. ही यादी कुणी आजवर मागितलेली नाही, त्यामुळे ती तयार करायला वेळ लागेल, लागू द्या. नागपूरला कोर्ससाठी वर्षाला किती जणांना पाठवलं आणि मनुष्यबळ कमी म्हणून किती जणांना थांबवून ठेवलं, तेही विचारा. जवानांच्या फुप्फुसांची तपासणी शेवटची कधी झाली हे विचारलंत तर जवानांच्या बायका तुम्हाला दुवा देतील. आणि बंद दाराआड, आपापल्या पक्षाच्या बैठकीत, एकमेकांना हे सांगा की नोटीस थांबवायला फोन करायचा नाही. मुदत वाढवून हवी असेल तर लेखी मागा, सहीनिशी. अधिकारी त्यावर लेखी उत्तर देईल. मग बघा, निम्म्या मागण्या आपोआप बंद होतात की नाही.

यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही. बढतीनं वाढणारा पगार मंजूर पदांच्या तरतुदीत आधीच धरलेला असतो.

प्रशासनाचं लेखी उत्तर आलं की त्याची एक प्रत प्रत्येक केंद्राच्या वॉचरूमबाहेरच्या फलकावर लावायला सांगा. पोरं वाचतील. यादीत आपलं नाव कितव्या क्रमांकावर आहे हे त्यांना कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

कळावे,

आपला,
एक निवृत्त विभागीय अग्निशमन अधिकारी
(भरती : फायरमन)